समुद्र नेहमी संध्याकाळचाच का?

पत्राचा सारांश : वाचक भगिनी ५८ वर्षांच्या आहेत. डोंबिवलीत राहतात, गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाल्या. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा त्यांनी चांगल्या श्रेणीत पार केल्या होत्या. पुढे नोकरी-संसारात ब्रश सुटला, तो दहा वर्षांपूर्वी पुन्हा हातात आला. जलरंगात त्या तीनच विषय रंगवतात : गॅलरीतल्या कुंड्यांमधली फुलं, स्वयंपाकघरातली भांडी-फळं आणि माहेरचा, म्हणजे गुहागरचा, समुद्रकिनारा. फुलं एका बैठकीत होतात, भांड्यांचं चित्र आठ-आठ दिवस चालतं, समुद्र मात्र मोबाइलमधल्या फोटोवरून घरी आल्यावर रंगवला जातो, आणि तो हमखास मळतो. त्या ज्या वर्गाला जातात तिथले सर म्हणाले, "हे सगळे कॅलेंडरचे विषय. तुमची स्वतःची पद्धतच नाही. एक विषय धरा, एक शैली पक्की करा." त्यानंतर चार महिने रंगपेटी बंद आहे. जानेवारीत पाच मैत्रिणींचं एकत्र प्रदर्शन ठरलंय आणि प्रत्येकीनं वीस चित्रं द्यायची आहेत. त्या विचारतात : तिन्हींतलं काय सोडू? पद्धत कशी ठरवू? आणि फोटोवरून रंगवणं ही फसवणूक आहे का?

ताई,

पत्रासोबत तुम्ही अकरा चित्रांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. दोन दिवस ते समोर ठेवून मी पाहत होते. सरांच्या वाक्याकडे नंतर येते, आधी चित्रांबद्दल बोलू.

पाच फुलांची, तीन भांड्यांची, तीन समुद्राची. ओळीनं लावून पाहिल्यावर सगळ्यात आधी डोळ्यांत भरलं ते हे की तुमचे तिन्ही समुद्र संध्याकाळचे आहेत. सूर्य टेकलेला, पाणी केशरी, माणसं काळी. म्हणून मग पत्र पुन्हा वाचलं, तर त्यात तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य सापडलं : "माहेरी गेलं की संध्याकाळी सगळे मिळून किनाऱ्यावर जातो." फुलांबद्दल लिहिताना तुम्ही म्हणता की सकाळी डबे भरायच्या आधी पाऊण तास मिळायचा. भांडी दुपारची, ओटा आवरून झाल्यावर.

ताई, तुमची पद्धत घरानं ठरवली आहे. जो वेळ उरला त्यात जे मावलं ते तुम्ही रंगवलंत, आणि दहा वर्षं न चुकता रंगवलंत. याला कुणी 'पद्धत नाही' म्हणालं तर मला ते पटत नाही. इतकंच की ती तुम्ही निवडलेली नव्हती. आता डबे नाहीत, ऑफिस नाही. म्हणून 'काय सोडू' याच्या आधी एक प्रश्न विचारून बघा : कशाला कुठली वेळ देऊ?

खऱ्या चित्रकाराची एकच ठरलेली रीत असते, हे तुम्ही गृहीत धरलंय. माझ्या अनुभवात रीत निम्मी चित्रकाराची असते आणि निम्मी समोरच्या वस्तूची. जास्वंदीचं घ्या. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी ते नसतंच. ते एका बैठकीत रंगवण्याची घाई तुमची नाही, जास्वंदीची आहे. डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८८च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावी सूर्यफुलं रंगवली, तेव्हा तो रोज सूर्योदयापासून कामाला लागायचा, कारण फुलं लगेच माना टाकायची. फ्रेंच चित्रकार सेझानचा हात याच्या अगदी उलट, इतका संथ की फुलं कोमेजून जायची. म्हणून तो कागदी फुलं समोर ठेवून काम करत असे. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अँटवर्पचा (आजच्या बेल्जियममधला) चित्रकार यान ब्रूगेल एकेक फूल त्याच्या ऋतूत उमलेपर्यंत थांबायचा. अँटवर्पला न मिळणारी फुलं प्रत्यक्ष पाहून रंगवायला तो ब्रुसेल्सला गेला होता. त्याच्या पुष्पगुच्छांत एकाच वेळी कधीच न फुलणारी फुलं शेजारी शेजारी दिसतात, ती यामुळे. तिघांचा विषय एकच, फुलं. वेळेशी प्रत्येकानं केलेला करार मात्र वेगळा.

तुमची फुलं चांगली आहेत. विशेषतः ती गुलबक्षी, जिच्या देठापाशी तुम्ही हिरवा पुसट सोडून दिलाय. तरी दोन गोष्टी सांगते, कारण हे पत्र वाचून आणखी काही जणी आपल्या कुंडीसमोर बसतील. पहिली म्हणजे पार्श्वभूमी शेवटी भरू नका. तुमच्या पाचपैकी चार चित्रांत फूल आधी पूर्ण झालंय आणि मग त्याच्या कडेकडेनं रंग फिरवलाय. त्यामुळे फूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं. पाकळी आणि मागची हवा एकाच ओल्या वेळी एकमेकींना एखाद्या ठिकाणी तरी शिवू द्या. एका कडेला पाकळी विरघळली तर दुसऱ्या कडेची धार आपोआप बोलते.

दुसरी गोष्ट पांढऱ्या फुलांची. तुमचा अनंत मला राखाडी वाटला. पांढऱ्या फुलाचा पांढरा कागदाचा असतो, आपण रंगवायची ती फक्त सावली. आणि ती सावली काळ्यातून येत नाही. शेजारच्या पानाचा हिरवा, भिंतीचा पिवळसर, आकाशाचा निळा, जे जवळ असेल ते पांढऱ्यावर उतरतं. अनंत तर पहिल्या दिवशी दुधासारखा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सायीसारखा पिवळा पडत जातो. तीन दिवस तेच फूल, रोज एक छोटा कागद, असं करून बघा. निवृत्तीनंतर हे परवडतं. आणि गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते, सोनटक्का संध्याकाळी. सकाळची फुलं तुम्ही दहा वर्षं रंगवलीत, आता दुपारच्या फुलांकडेही बघायला हरकत नाही.

रंगांबद्दलही एक सूचना, प्रदर्शनात चित्रं विकली जावीत असं वाटत असेल तर. बोगनवेलीसाठी तुम्ही जो भडक, चमकणारा गुलाबी वापरलाय, तशा रंगांपैकी बरेच प्रकाशात उडतात. ॲलिझरिन क्रिमसनही टिकाऊ मानला जात नाही. आपल्या पेटीतल्या प्रत्येक रंगाचा एक पट्टा कागदावर ओढा, अर्धा पट्टा जाड पुठ्ठ्यानं झाका आणि कागद उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने चिकटवून ठेवा. पुठ्ठा काढल्यावर कोण टिकलं ते दिसतं. विकत घेणाऱ्याच्या भिंतीवर आपलं फूल दोन वर्षांत पांढरं पडू नये, एवढं देणं आपण लागतोच.

आता भांडी. तुम्ही लिहिलंय की या चित्रांची तुम्हाला थोडी लाज वाटते, कारण "त्यात काही घडत नाही." अकरा चित्रांतलं सगळ्यात चांगलं चित्र मला विचाराल तर ते पितळी पातेलं, लोणच्याची बरणी आणि दोन रातांबे. पातेल्याच्या पोटात बरणीचं प्रतिबिंब वाकडं होऊन पसरलंय आणि त्या वाकड्या पांढऱ्यात रातांब्याचा लाल ठिपका आलाय. तो ठिपका सुचलेला नाही, तुम्हाला दिसलेला आहे. आठ दिवस रोज त्याच जागी बसल्याशिवाय तो दिसत नाही.

हे विषय लहान, ही समजूत जुनी आहे आणि तिला तारीखही आहे. फ्रेंच कलालेखक आंद्रे फेलिबियाँ यांनी फ्रेंच कला अकादमीच्या १६६७ सालच्या व्याख्यानांच्या प्रस्तावनेत चित्रविषयांची उतरंड मांडली. इतिहास-पुराणांतले प्रसंग सगळ्यात वर, आणि फळं, फुलं, निर्जीव वस्तू तळाशी. ती पायरी पुढे दोनशे वर्षं मानली गेली. पण त्याच काळात नेदरलँड्समध्ये रेचेल राइश ही बाई फुलं रंगवत होती. वनस्पतिशास्त्रज्ञाची मुलगी, दहा मुलांची आई, ऐंशी वर्षांची झाल्यावरही तिचं काम थांबलं नव्हतं आणि चित्रावर ती सहीशेजारी आपलं वय लिहायची. तुम्हीही तुमचं वय लिहावं असं मला मनापासून वाटतं.

भांड्यांचं म्हणाल, तर इटलीतल्या बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदीनं (१८९०–१९६४) जन्मभर बाटल्या, बरण्या, डबे रंगवले. बहिणींबरोबर राहत्या घरातली एक खोली हाच त्याचा स्टुडिओ. त्या बाटल्यांवर धूळ साचली तरी तो पुसत नसे, धुळीमुळे चमक मरायची आणि आकार शांत व्हायचा. बाटली अर्धा इंच सरकवली की त्याच्यासाठी नवं चित्र सुरू होई. आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवून काय काय केलं ते पाहा. मुंबईत कधी त्यांचं काम पाहायला मिळालं तर सोडू नका. ते नागावचे, म्हणजे कोकण किनाऱ्याचेच.

भांड्यांच्या चित्रात तुम्हाला अडचण येते ती उजेडाची. दुपारी सुरू केलेलं चित्र दुसऱ्या दिवशी 'वेगळंच दिसतं', असं तुम्ही म्हणता. उत्तरेच्या खिडकीपाशी बसा, हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरच आहे. पण आपल्याकडे त्याला एक अपवाद आहे. डोंबिवलीत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस तुम्हाला माहीत असतीलच, त्या दोन दिवसांच्या मधला हा काळ. तेव्हा उत्तरेची खिडकीही स्थिर राहत नाही. बाकीचे नऊ-साडेनऊ महिने भर दुपारी ती भरवशाची आहे. ओट्याचा हट्ट सोडा. खिडकीजवळ एक स्टूल कायमचं ठेवा, त्यावर भांडी मांडा, त्यांच्या बुडाभोवती पेन्सिलीनं वर्तुळं आखा आणि घरात सगळ्यांना सांगा की याला हात लावायचा नाही. पातेलं लागलं तर दुसरं घ्या.

आता समुद्र. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमचं दुखणं इथं आहे.

तुमचे समुद्र मळतात याचं कारण हात कच्चा असणं नाही. केशरी आणि निळा हे एकमेकांचे विरुद्ध रंग. ओले असताना ते भेटले की राखाडी तयार होतो. संध्याकाळचा समुद्र म्हणजे निळ्यावर पसरलेला केशरी. तुम्ही पाण्याचा निळा ओला असतानाच त्यात केशरी सोडता, मग तो मळला म्हणून वरून पुन्हा केशरी, आणि मग आणखी निळा. तिसऱ्या हाताला कागद मान टाकतो. संध्याकाळच रंगवायची असेल तर आधी सगळ्या कागदावर अगदी पातळ पिवळसर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, द्या आणि तो पूर्ण, खणखणीत वाळू द्या. मग निळा-जांभळा वरून, एकाच हातात, आणि उजेडाची वाट मोकळी सोडून. उजेड नंतर वरून ठेवता येत नाही.

तुमच्या चित्रातली माणसं वाळूवर तरंगतात, हेही तुम्हाला खटकलंय आणि कारण सापडत नाही. कारण क्षितिजात आहे. सपाट किनाऱ्यावर क्षितिजाची रेघ नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आपण उभ्या असू तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की दूरची, साधारण त्या रेघेवर येतात. खाली स्टुलावर बसलो तर तीच रेघ उभ्या माणसांच्या कमरे-छातीशी येते, पुन्हा सगळ्यांच्याच. तुम्ही फोटो उभ्यानं काढलेत आणि चित्र करताना माणसं अंदाजानं बसवलीत. कुणाचं डोकं क्षितिजाच्या वर, कुणाचं खाली. दूरचा माणूस लहान काढताना त्याचे पाय वर सरकतात, डोकं नाही. एवढं एक ध्यानात ठेवलं की माणसं वाळूवर टेकतात.

आणि संध्याकाळच का? आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारनंतर ऊन समोरून येतं, पाणी चकाकतं, माणसांचे रंग बुडतात, सगळं काळ्या आकृत्यांत उरतं. तो देखावा सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण तो सगळ्यांनी इतक्यांदा पाहिलाय की बघणारा बघायचं थांबतो. सर 'कॅलेंडर' म्हणाले ते या तीन चित्रांपुरतं मला थोडं पटतं, आणि हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण म्हणून समुद्र हा विषयच कॅलेंडरचा ठरत नाही. दिवसाच्या चोवीस तासांतला एकच अर्धा तास तुम्ही पाहिलात, कारण तोच तुम्हाला मिळत होता.

सकाळी सातला जाऊन बघा. मागच्या दारानं, नारळी-पोफळीच्या वाडीतून. ऊन तुमच्या पाठीमागून येतं. माडांच्या आणि सुरूच्या लांबच लांब सावल्या वाळूवर पडलेल्या असतात, पुढे ओल्या वाळूपर्यंत जातात आणि तासाभरात मागे सरकतात. समोरचं पाणी हिरवट-निळं, त्यात चमक नाही, म्हणून लाटेच्या पोटातला रंग दिसतो. ओली वाळू आरशासारखी असते, पण लक्ष देऊन पाहा, तिच्यातलं आकाश खऱ्या आकाशापेक्षा एक पायरी गडद असतं. कोरडी वाळू उबदार आणि फिकट. या दोन वाळूंमधली सीमा नीट सांभाळली तर निम्मा किनारा झाला. फेस पांढरा असतो म्हणून तिथं कागद सोडतो आपण, पण लाटेच्या सावलीतला फेस आकाशापेक्षा गडद दिसतो. तो निळसर राखाडी ठेवायला भिऊ नका. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या घातलेल्या असतात, त्या आठच्या पुढे पायांखाली जातात.

भरती-ओहोटीचा अंदाज तिथीवरून लावता येतो, हे माहेरच्या माणसांना ठाऊक असेल. ढोबळ हिशेब असा : पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणून पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन सकाळी सात-आठला ओल्या वाळूचा रुंद आरसा मिळतो. अष्टमीला याच्या उलट, सकाळी सहाच्या सुमारास पाणी वर आलेलं असतं आणि बसायला जागा कमी. ही आखणी करून किनाऱ्यावर गेलात तर निम्मी धांदल कमी होईल.

हे मी हर्णैला शिकले. तिशीत असताना बंदरावर पूर्ण इम्पिरियल कागद घेऊन बसले होते. समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या. मी आकाशावर पाऊण तास घालवला. तेवढ्यात पाणी फिरलं आणि त्याबरोबर सगळ्या होड्यांनी तोंडं फिरवली. दोन तर निघूनच गेल्या. आकाश उत्तम झालं होतं आणि चित्र संपलं होतं. तेव्हापासून मी हलणारं आधी घेते : होड्या, माणसं, सावल्या, पाच मिनिटांत पेन्सिलीनं. किल्ला कुठे जात नाही.

त्यामुळे कागद लहान घ्या. पाव इम्पिरियल, म्हणजे अकरा बाय पंधरा इंच, हाही पहिल्या आठवड्यात मोठा. पोस्टकार्डाएवढे सहा तुकडे एका पुठ्ठ्यावर गमटेपनं चिकटवून न्या आणि प्रत्येकाला वीस मिनिटं द्या. प्यायचं पाणी रंगासाठीही न्या, समुद्राचं नको, त्यातलं मीठ कागदावर राहतं आणि ओल धरतं. एप्रिल-मेच्या उन्हात वॉश डोळ्यांदेखत वाळतो, म्हणून कागद आधी ओला करून घ्यावा. पावसाळी हवेत तो वाळतच नाही, तेव्हा दोन कागद आलटून पालटून चालवा. पण जून-जुलैत जायला मिळालं तर जाच. मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकून ठेवलेल्या असतात, आणि समुद्राचा रंग चहासारखा मातकट असतो. तो रंग कुठल्याच कॅलेंडरवर नसतो.

फोटोचा प्रश्न. फसवणूक वगैरे काही नाही, मनातून काढून टाका. फक्त मोबाइलचा फोटो काय बदलतो ते माहीत हवं. त्याची भिंग रुंद बघते, म्हणून दूरच्या लाटा बारीक होतात आणि क्षितिज मागे ढकललं जातं. उजेडाकडे तोंड असेल तर एक तर आकाश पांढरं पडतं नाही तर वाळू काळी. आपल्या डोळ्यांना दोन्ही दिसत होतं. म्हणून होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कशी वळते, डोलकाठी कुठे आहे, एवढं फोटोला विचारा. रंग आणि उजेड त्याला विचारू नका, ते तिथल्या तिथं टिपून आणा. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर चित्रकार यूजीन बुदँ (१८२४–१८९८) आपल्या आकाशाच्या अभ्यासचित्रांवर तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवायचा. खलाशाचा मुलगा होता तो, वाऱ्याचं महत्त्व त्याला ठाऊक होतं. पुढे गाजलेल्या मोने या चित्रकाराला तरुणपणी उघड्यावर बसून रंगवायला त्यानंच लावलं. त्याच मोनेनं १८७०मध्ये त्रुव्हिलच्या किनाऱ्यावर केलेलं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत. तुमच्या कागदावर वाळू उडाली तर झटकू नका, वाळल्यावर पडेल ती पडेल.

सरांशी भांडू नका आणि त्यांचा वर्गही रागानं सोडू नका. त्यांच्यासमोर एकच चित्र ठेवा, पितळी पातेल्याचं, आणि विचारा : यात नेमकं कुठे अडतंय, बोट ठेवून दाखवा. बोट ठेवता आलं तर तो शिक्षक तुमच्या कामाचा आहे. 'शैली नाही' या शब्दावर बोट ठेवता येत नाही, म्हणून त्यानं माणूस चार महिने गप्प बसतो. मीही शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. मुलांना मी असं मोघम कधी बोलले असेन, तर त्याचं मला आज वाईट वाटतं.

राहिलं प्रदर्शन. तीन वाटा आहेत. नाव मागे घेणं ही एक. मला ती नको वाटते, पण घेतलीत तरी त्यात कमीपणा नाही. दुसरी म्हणजे कसंही करून वीस भरणं. हे नका करू. चार महिन्यांच्या खंडानंतर आकडा गाठायला बसलात तर पुन्हा फोटो उघडाल आणि पुन्हा केशरी समुद्र होतील. तिसरी वाट म्हणजे मैत्रिणींशी मोकळेपणी बोलणं : मी बारा देते, बाकीच्या आठांची भिंत आपण वाटून घेऊ. हॉलची भिंत किती फूट आहे ते आधी मोजून घ्या. चित्रांमध्ये श्वास घ्यायला जागा लागते आणि पाच जणींची शंभर चित्रं बहुतेक हॉलना जास्तच होतात. बारांपैकी पातेलं आणि गुलबक्षी धरून पाच-सहा तुमच्याकडे आत्ताच आहेत. संध्याकाळचे तीनही समुद्र घरी ठेवा. त्यांच्या जागी किनाऱ्यावर बसून केलेले पोस्टकार्डाएवढे सहा तुकडे एकाच चौकटीत लावा, प्रत्येकाखाली वेळ आणि तिथी लिहून. लोक वाकून वाकून बघतील याची मला खात्री आहे.

तीन विषयांतलं काही सोडायचं की नाही, ते पुढच्या वर्षी ठरवा. कदाचित तोवर ते आपसांत मिसळायला लागतील. तुमच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाच्या कडेला, वाळू सुरू होते तिथं मर्यादवेल असेल पसरलेली, जाड दुभंगलेली पानं आणि गुलाबी-जांभळी फुलं. ती सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मलूल होतात. म्हणजे फूल, वाळू आणि मागे समुद्र, सगळं एका कागदात, आणि तेही फुलाच्या घड्याळावर.

कोजागरीनंतरचे तीन दिवस गुहागरला काढता येतात का ते बघा. संध्याकाळी सगळ्यांबरोबर नेहमीसारख्या जाच, तो आनंद वेगळा आहे, पण तेव्हा रंगपेटी घरी ठेवा. सकाळसाठी वहिनीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा : उद्या माझ्यासाठी चहाला थांबू नका, मी नऊला येऊन घेईन.